दुसऱ्या नाटकाचं काय?

१९५८ च्या मे महिन्यातली गुरुवारची दुपार. पश्चिम लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या लिरिक थिएटरात एका नव्या नाटकाचा प्रयोग सुरू आहे. सत्तावीस वर्षांचा लेखक जरा उशिरा पोचतो आणि वर बाल्कनीकडे निघतो. दारावरची बाई त्याला अडवते, वरचा मजला आज उघडलेला नाही म्हणते. तो सांगतो, मी या नाटकाचा लेखक आहे. त्यावर ती बाई इतकी कळवळते की तिला काय बोलावं सुचत नाही. खाली प्रेक्षागृहात सहा माणसं बसलेली असतात.

हा प्रसंग हॅरॉल्ड पिंटर यांनी स्वतःच पुढे सांगितला. नाटक होतं 'द बर्थडे पार्टी'. सोमवारी उघडलं आणि शनिवारी उतरलं. आठ प्रयोगांचा मिळून गल्ला २६० पौंडांच्या आसपास. पहिल्या रात्रीनंतर वर्तमानपत्रांनी त्याला असं काही झोडपलं होतं की उरलेला आठवडा बुकिंगच्या खिडकीवर कुणी फिरकलं नाही. मग रविवारी, २५ मे रोजी, 'संडे टाइम्स'मध्ये हॅरॉल्ड हॉब्सन यांचं परीक्षण आलं. लंडनच्या रंगभूमीवर आज याच्याइतकी अस्सल आणि अस्वस्थ करणारी प्रतिभा दुसरी नाही, असा त्याचा आशय होता. पण तोवर नाटक बंद पडून एक दिवस उलटला होता.

त्यानंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी २७ मे रोजी, शहराच्या दुसऱ्या टोकाला पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या थिएटर रॉयलमध्ये आणखी एका नवोदित नाटककाराचा पडदा वर गेला. ही मुलगी १९ वर्षांची, सॅल्फर्ड या गिरणगावातली. नाव शीला डिलेनी, नाटक 'अ टेस्ट ऑफ हनी'. ते गाजलं. इतकं की पुढच्या फेब्रुवारीत वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक नाटकांच्या पेठेत गेलं, १९६० साली ब्रॉडवेवर पोचलं, १९६१ साली त्याचा सिनेमा झाला आणि पटकथेसाठी डिलेनीला ब्रिटिश अकादमीचं पारितोषिक मिळालं.

एका आठवड्याच्या अंतराने एकाच शहरात एकाचं नाटक पडलं आणि दुसरीचं डोक्यावर घेतलं गेलं. त्या दिवशी कुणाला पैज लावायला सांगितली असती तर ती कुणावर लागली असती हे उघड आहे. प्रत्यक्षात ज्याचं पडलं तो पुढची चार दशकं नाटकं लिहीत राहिला आणि २००५ साली त्याला नोबेल मिळालं. जिचं गाजलं तिचं दुसरं नाटक १९६० साली आलं, आणि नंतर जवळजवळ दोन दशकं तिचं नवं नाटक रंगमंचावर आलंच नाही.

प्रतिभेचा फरक, असं म्हणून हा विषय संपवता येतो. मला ते पटत नाही. नवोदित नाटककाराच्या वाटचालीकडे आपण चुकीच्या ठिकाणाहून बघतो. आपलं लक्ष पहिल्या नाटकावर, वयावर, पारितोषिकावर. नाटककार घडतो तो पहिलं नाटक संपल्यानंतरच्या चार-पाच वर्षांत, आणि त्या वर्षांत त्याच्यामागे कोण उभं आहे यावर बरंच काही ठरतं. म्हणून रंगभूमीसाठी जो सार्वजनिक पैसा खर्च होतो त्याचा मोठा वाटा दुसऱ्या आणि तिसऱ्या नाटकासाठी राखून ठेवावा, असं माझं म्हणणं आहे. ब्रिटनच्या गेल्या सत्तर वर्षांत याचे इतके दाखले आहेत की ते एकत्र ठेवून पाहायलाच हवेत.

आधी पिंटर यांचंच घ्या. मे १९५८ मध्ये ते डेव्हिड बॅरन या नावाने गावोगावच्या नाटक कंपन्यांत पडेल ती भूमिका करणारे नट होते. घरात चार महिन्यांचं मूल. 'द बर्थडे पार्टी'च्या हक्कांपोटी निर्माते मायकेल कॉड्रन यांनी त्यांना ५० पौंड दिले होते. नाटक पडल्यावर कुणीही म्हटलं असतं, झालं तेवढं पुरे, नटाची नोकरी सांभाळ. त्या वेळी बीबीसी रेडिओच्या नाट्यविभागातली दोन माणसं, डॉनल्ड मॅकव्हिनी आणि बार्बरा ब्रे, त्यांच्यामागे उभी राहिली. त्यांनी पिंटरना रेडिओसाठी नाटक लिहायला सांगितलं. ते त्यांनी लिहिलं, पण प्रसारित झालंच नाही. तरी त्यांच्याकडून आणखी एक मागवलं गेलं. ते 'अ स्लाइट एक', जुलै १९५९ मध्ये बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅम या रेडिओ वाहिनीवर लागलं.

पिंटर यांच्या चरित्रातलं हे वळण मला सर्वांत मोलाचं वाटतं. रंगमंचावर नाटक पडलेलं, त्यापाठोपाठ मागवलेलं रेडिओनाटकही न लागलेलं, आणि तरीही तिसऱ्यांदा विचारणा. खासगी निर्माता एवढा धीर सहसा धरत नाही. इथे कॉड्रन यांचं श्रेय नाकारायचं नाही. हात पोळलेले असूनही १९६० साली 'द केअरटेकर'च्या निर्मितीमागे तेच होते, आणि त्या नाटकाने पिंटर यांचं नाव कायमचं झालं. पण मे १९५८ पासून एप्रिल १९६० पर्यंतची दोन वर्षं हा लेखक लिहिता राहिला तो लोकांच्या परवाना-शुल्कावर चालणाऱ्या एका रेडिओमुळे, आणि लंडनमधल्याच हॅम्पस्टेडच्या एका नव्याकोऱ्या छोट्या थिएटर क्लबमुळे. त्या क्लबने जानेवारी १९६० मध्ये त्यांच्या 'द रूम' आणि 'द डंब वेटर' या दोन एकांकिका एकत्र केल्या. हॅम्पस्टेडचं नाव ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा येईल.

आता डिलेनी. तिच्या पहिल्या नाटकाची गोष्ट सांगायला सगळ्यांनाच आवडते, कारण ती परीकथेसारखी आहे. अकराव्या वर्षी पुढची शाळा ठरवणाऱ्या परीक्षेत नापास, मग दुकानात, सिनेमागृहात, कारखान्याच्या फोटोग्राफी खात्यात अशा नोकऱ्या. मँचेस्टरला टेरेन्स रॅटिगन या तेव्हाच्या प्रस्थापित नाटककाराचं एक नाटक पाहिलं, याहून बरं मीही लिहीन असं वाटलं, दोनेक आठवड्यांत लिहून स्ट्रॅटफर्डच्या थिएटर रॉयलमध्ये बस्तान असलेल्या, दिग्दर्शिका जोन लिटलवुड यांच्या थिएटर वर्कशॉप या नाटक कंपनीला पाठवलं. महिन्या-दीड महिन्यात ते उभं राहिलं. नाटकात होतं तरी काय? सॅल्फर्डच्या भाड्याच्या, गळक्या खोलीत राहणारी जो नावाची मुलगी, तिची दारुडी, पुरुषांच्या मागे घर बदलत फिरणारी आई हेलन, जोला गरोदर करून समुद्रावर निघून गेलेला काळा खलाशी, आणि तिच्या गरोदरपणात स्वयंपाकपाणी बघणारा, पुरुषांवर प्रेम करणारा जेफ. पुरुषांमधले संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होते. नाटकाची संहिता प्रयोगाआधी राजदरबारच्या लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी लागत असे. अशा काळात एका १९ वर्षांच्या मुलीने ही चार माणसं कसलाही उपदेश न करता, एकमेकांना टोमणे मारत, मधूनच प्रेक्षकांकडे वळत उभी केली. आजही वाचताना जो आणि हेलनची भांडणं कानाला खरी लागतात. गरिबीबद्दल बाहेरून लिहिणाऱ्याच्या आवाजात जी एक हळहळ असते, तिचा मागमूस त्यात नाही.

गाजल्याबरोबर कुजबुज सुरू झाली की नाटक खरं लिटलवुड यांनीच लिहिलं. तालमीत संहितेवर हात फिरवणं, नटांना उत्स्फूर्तपणे प्रवेश खुलवू देणं ही लिटलवुड यांची पद्धतच होती, त्यामुळे संशयाला जागा होती. जॉन रसेल टेलर या समीक्षकाने नंतर मूळ हस्तलिखित आणि प्रयोगाची संहिता ताडून पाहिली, तेव्हा बदल लोक समजत होते त्याहून बरेच कमी निघाले. पण श्रमिक वस्तीतल्या पोरीला एवढं कसं जमलं हा प्रश्न हवेत राहायचा तो राहिलाच. तिच्या गावातल्या वर्तमानपत्रालाही सॅल्फर्डची बदनामी झाली म्हणून राग आला होता.

या सगळ्याचं ओझं घेऊन 'द लायन इन लव्ह' आलं. सप्टेंबर १९६० मध्ये कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरात, आणि वर्ष संपता संपता लंडनच्या रॉयल कोर्ट या नाट्यगृहात. पहिल्या नाटकात एका खोलीत चार-पाच माणसं होती. इथे तिने एक अख्खं कुटुंब आणि भोवतालचा बाजार उभा करायचा प्रयत्न केला. रचना सैल झाली हे खरं आहे. पण २१ वर्षांच्या लेखिकेने पहिल्या यशाची नक्कल न करता मोठा पट हाती घेतला, यात मला तिची भूक दिसते. समीक्षकांना त्यात तिचं संपणं दिसलं.

त्या वेळी ती कुठे परतणार होती? जिथे तिचा जन्म झाला ते थिएटर वर्कशॉप त्याच सुमारास आतून रिकामं होत होतं, आणि तेही यशामुळेच. लिटलवुड यांच्या संस्थेला सरकारी अनुदान तुटपुंजं मिळे. तगून राहायचं तर गाजलेलं नाटक वेस्ट एंडच्या निर्मात्यांकडे सोपवायचं, तिथून येणाऱ्या पैशावर पुढचं उभं करायचं, हा एकच मार्ग होता. पण नाटकाबरोबर नटही जात. वर्षानुवर्षं एकत्र घडलेला संच मोडे आणि दर वेळी नव्याने मोट बांधावी लागे. १९६१ साली लिटलवुड थकून, वैतागून संस्था सोडून गेल्या. ज्या घराने नव्या लेखिकेचं पहिलं पाऊल झेललं, ते दुसऱ्या पावलापर्यंत टिकलंच नाही.

डिलेनीने पुढे लिहिणं सोडलं नाही, हे इथेच सांगायला हवं. १९६३ साली तिच्या कथांचं पुस्तक आलं, सिनेमांच्या पटकथा तिने लिहिल्या, आणि १९८५ सालच्या 'डान्स विथ अ स्ट्रेंजर'ची पटकथा तर फार भक्कम आहे. रंगभूमीपासून दूर जाणं हा तिचा स्वतःचाही निर्णय असेल. टीकेने ती मोडली अशी शोकांतिका तिच्यावर लादायचा मला हक्क नाही. मी रंगभूमीच्या बाजूने बोलते आहे. जो आणि हेलन यांना लिहिणाऱ्या बाईची तिशीतली, चाळिशीतली नाटकं इंग्रजी रंगभूमीकडे नाहीत, आणि हे नुकसान टाळता आलं असतं असं मला वाटतं, कारण त्याच शहरात ते टाळण्याची रीत कुणीतरी शोधून काढली होती.

ती रीत रॉयल कोर्टची. १९५६ साली स्लोन स्क्वेअरमधल्या या नाट्यगृहात जॉर्ज डिव्हाइन यांनी इंग्लिश स्टेज कंपनी सुरू केली. लेखकाला अपयशी होण्याचा हक्क असतो, हे तत्त्व तिथे उघडपणे सांगितलं जाई. नुसतं सांगितलं जात नव्हतं, त्याचा हिशेबही मांडलेला होता. जॉन ऑस्बर्न यांच्या 'लुक बॅक इन अँगर'ने जे कमावलं त्यातून इतरांची पडलेली नाटकं पोसली गेली. जॉन आर्डन यांची नाटकं तिथे एकामागून एक आली आणि तिकीटबारीवर पडली. 'सार्जंट मस्ग्रेव्ह्ज डान्स' १९५९ साली रिकाम्या खुर्च्यांसमोर झालं, ते आज युद्धविरोधी नाटकांत अग्रभागी मानलं जातं. अॅन जेलिको यांचं पहिलं नाटक पडलं, तरी त्यांचं 'द नॅक' तिथेच झालं आणि यशस्वी ठरलं.

याहून बोलका दाखला एडवर्ड बाँड यांचा आहे. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेला श्रमिक घरातला मुलगा. त्याने १९५८ मध्ये रॉयल कोर्टला नाटकं पाठवली. ती बसवण्याजोगी वाटली नाहीत, पण नकाराचं पत्र पाठवून मोकळं होण्याऐवजी त्याला नव्याने सुरू झालेल्या लेखक-गटात बोलावलं गेलं. त्या गटात नाटककार अरनॉल्ड वेस्कर होते, जेलिको होत्या, नायजेरियातून आलेले वोले सोयिंका होते. तिथे नाटकावर चर्चा करण्यापेक्षा ते उभं राहून करून बघण्यावर भर असे. चार वर्षांनी, डिसेंबर १९६२ मध्ये, बाँड यांचं पहिलं नाटक तिथे झालं. तेही रविवारी रात्री, नेपथ्याशिवाय, एकच प्रयोग. आणि १९६५ साली 'सेव्ह्ड'. त्यावरून जो गदारोळ आणि खटला झाला, त्याचा १९६८ साली नाटकांवरची सेन्सॉरशिप उठण्यात मोठा वाटा होता. पहिल्या नकारापासून 'सेव्ह्ड'पर्यंत सात वर्षं. या सात वर्षांना बातमीमूल्य शून्य. पण नाटककार घडला तो त्याच वर्षांत.

नेपथ्याशिवायच्या त्या रविवारच्या प्रयोगांवर मला थोडं थांबायचं आहे. खर्च जेमतेम, नट जवळजवळ फुकट, प्रेक्षक सभासद. पडलं तर कुणाचं दिवाळं निघत नाही. लेखकाला मात्र जे कागदावर कधीच कळत नाही ते एका रात्रीत कळतं. दुसरा अंक कुठे लोंबतो, कुठलं वाक्य नटाच्या तोंडात बसत नाही, हशा कुठे येतो आणि कुठे यायला हवा होता. नाटक हा कादंबरीसारखा एकट्याने पुरा करायचा प्रकार नाही. प्रयोग झाल्याशिवाय लेखकाला स्वतःची चूक दिसत नाही, आणि चूक दिसल्याशिवाय पुढचं नाटक सुधारत नाही. म्हणून नाटककाराला अपयशाची संधी देणं ही दया नव्हे, ते त्याचं शिक्षण आहे. शल्यचिकित्सकाच्या प्रशिक्षणावर सरकार खर्च करतं तेव्हा त्याची पहिली शस्त्रक्रिया किती गाजली हे कुणी विचारत नाही.

कॅरिल चर्चिल यांची वाट आणखी वेगळी. साठच्या दशकात घरात लहान मुलं होती, घराबाहेर पडून रंगभूमीवर वावरणं शक्य नव्हतं. त्या रेडिओसाठी लिहीत राहिल्या. 'ओनर्स' हे नाटक रॉयल कोर्टच्या वरच्या छोट्या रंगमंचावर आलं ते १९७२ साली, आणि दोनेक वर्षांनी त्या तिथल्या निवासी नाटककार झाल्या. 'टॉप गर्ल्स' १९८२ चं. म्हणजे पहिल्या रेडिओनाटकापासून वीस वर्षांनी. आज इंग्रजीतल्या हयात नाटककारांत त्यांचं नाव सर्वांत वर घेतलं जातं. नवोदित या शब्दाला वयाची अट लावली असती तर त्या यादीतच आल्या नसत्या.

माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं उदाहरणही याच रॉयल कोर्टचं आहे, आणि ते मला टाळायचं नाही. अँड्रिया डनबर ब्रॅडफर्डच्या बटरशॉ या सरकारी वसाहतीत वाढली. 'द आर्बर' हे नाटक तिने पंधराव्या वर्षी शाळेतल्या लेखनाचा भाग म्हणून सुरू केलं. पुढे ती स्त्रियांच्या आधारगृहात असताना तिथल्या ओळखीतून ते रॉयल कोर्टपर्यंत पोचलं आणि १९८० साली त्यांच्या तरुण लेखकांच्या महोत्सवात झालं. तेव्हा ती १८ वर्षांची होती. इथे संस्थेने दुसरं नाटकही केलं. १९८२ साली 'रीटा, सू अँड बॉब टू', १९८६ साली 'शर्ली'. तरीही दहा वर्षांत तीन नाटकं, आणि डिसेंबर १९९० मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने ती गेली. अवघी २९ वर्षांची होती.

मग दुसऱ्या नाटकाला आधार देऊन काय झालं, असं कुणी विचारेल. डनबरच्या बाबतीत आधार लंडनमध्ये होता आणि आयुष्य दोनशे मैल दूर. तीन मुलं एकटीने वाढवणारी बाई तालमींना लंडनला येई आणि परत त्याच वसाहतीत, त्याच गल्लीत जाई. बटरशॉमध्ये लिहायला स्वतंत्र खोली, मुलं सांभाळायला कुणी, दर महिन्याला ठरलेली रक्कम यांतलं काही असतं तर चौथं नाटक आलं असतं का, हे सांगता येणार नाही. पण नाटकाला अनुदान देणं आणि नाटककाराच्या जगण्याची सोय करणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी जवळजवळ कायम विसरली जाते. तिच्या घरावर आज स्मृतिफलक आहे.

आणि सारा केन. जानेवारी १९९५ मध्ये तिचं 'ब्लास्टेड' रॉयल कोर्टच्या वरच्या मजल्यावर आलं तेव्हा ती २३ वर्षांची होती. लीड्सच्या एका हॉटेलच्या खोलीत बोस्नियातलं युद्ध घुसवणारं हे नाटक पाहून वर्तमानपत्रं खवळली. 'डेली मेल'च्या समीक्षकाने त्याला घाणीची मेजवानी ठरवलं. पिंटर, ज्यांना स्वतःला अशीच झोड बसली होती, तिच्या बाजूने उभे राहिले. बाँडही. रॉयल कोर्टने तिची साथ सोडली नाही आणि 'क्लीन्स्ड' १९९८ साली केलं. पण त्याच वर्षी 'क्रेव्ह' लिहिताना तिने मारी केल्व्हेडन असं टोपणनाव घेतलं, कारण तिच्या नावाभोवती पहिल्या नाटकाची एवढी धूळ उडाली होती की नवं नाटक नवं म्हणून कुणी पाहिलंच नसतं. पहिल्या नाटकाच्या गवगव्यातून सुटण्यासाठी लेखिकेला स्वतःचं नाव टाकावं लागतं, याहून आणखी काय सांगू? फेब्रुवारी १९९९ मध्ये, २८ व्या वर्षी, ती गेली. २००१ साली 'ब्लास्टेड' पुन्हा झालं तेव्हा आधी हेटाळणी केलेल्या मायकेल बिलिंग्टन यांच्यासारख्या समीक्षकांनी आपलं चुकलं हे मान्य केलं. तो मोठेपणा खरा. पण सहा वर्षांनी आलेला.

आता हरकतीचा मुद्दा. लोकांना नको असलेली नाटकं लोकांच्या पैशातून का करायची? दवाखाने अपुरे, शाळा गळक्या, आणि तुम्ही रिकाम्या खुर्च्यांना अनुदान मागता? हा प्रश्न खोटा नाही आणि तो विचारणारा माणूस कलेचा शत्रू नाही. मी एवढंच म्हणेन की आकडे शेजारी ठेवून बघा. नाट्यगृहांच्या इमारती, नूतनीकरण, मोठे महोत्सव, सोहळे यांवर सार्वजनिक पैसा आजही खर्च होतोच. त्यातला लहानसा तुकडा एका लेखकाचं वर्ष चालवतो. शिवाय लोकांना काय हवंय हे आधीच ठाऊक असतं, असं गृहीत धरण्यात मोठी चूक आहे. मे १९५८ मध्ये लंडनला पिंटर नको होते. दोन वर्षांत हव्याशा झालेल्या त्याच लेखकाचं 'द केअरटेकर' ४४४ प्रयोग चाललं. मधल्या काळात पिंटर फारसे बदलले नव्हते, प्रेक्षकांचा कान तयार झाला होता. आणि तो तयार होण्याआधी कुणीतरी पैसे मोजले होते.

म्हणूनच २०२२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने, म्हणजे कलासंस्थांना सार्वजनिक पैसा वाटणाऱ्या मंडळाने, जे केलं ते मला फार दूरवर जाणारं नुकसान वाटतं. लंडनबाहेर पैसा पोचवायचा या धोरणाखाली त्यांनी हॅम्पस्टेड थिएटरचं नियमित अनुदान पूर्ण काढून घेतलं. तेच हॅम्पस्टेड, ज्याने पिंटर यांच्या पडत्या काळात त्यांच्या एकांकिका केल्या होत्या. नव्या लेखनाला वाहिलेल्या या संस्थेला मग फक्त नवी नाटकं करणं परवडणार नाही हे जाहीर करावं लागलं. लंडनबाहेर पैसा जायला हवा याबद्दल मला शंका नाही. डनबरची गोष्ट तेच ओरडून सांगते. पण ब्रॅडफर्डला लेखकाचं घर बांधायचं तर बांधा. त्यासाठी हॅम्पस्टेडचं मोडायला नको होतं. रेडिओवरच्या नाटकांच्या जागाही गेल्या काही दशकांत आक्रसत आल्या आहेत. पिंटर आणि चर्चिल यांना ज्या दोन दारांतून आत येता आलं, ती दोन्ही अरुंद होत चालली आहेत.

त्याच काळात पदार्पणाची पारितोषिकं मात्र वाढली. मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजचं ब्रंटवुड पारितोषिक २००५ पासून आहे आणि त्यात लेखकाचं नाव झाकून संहिता वाचली जाते, ही पद्धत मला मनापासून आवडते. अशी पारितोषिकं दार उघडतात. आत आल्यावर बसायला जागा आहे का, हे पाहणं त्यांचं काम नाही. ते काम कुणाचं, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचं एक टोक मुंबईलाही लागतं. रॉयल कोर्टच्या आंतरराष्ट्रीय विभागाने मुंबईच्या 'रेज' या संस्थेबरोबर नाटककारांच्या कार्यशाळा घेतल्या, आणि त्यातून २००४ साली 'रायटर्स ब्लॉक' हा महोत्सव उभा राहिला. मराठीत लिहिणारे लेखकही त्यात होते. डिव्हाइन यांच्या लेखक-गटाचीच ही पुढची शाखा. खर्डा लिहा, वाचा, मोडा, पुन्हा लिहा, आणि हे सगळं कुणीतरी शेजारी बसलेलं असताना. आपल्याकडे पहिल्या पावलाची सोय उत्तम आहे. १९५४ पासूनची राज्य नाट्य स्पर्धा, १९६३ पासूनचा पुरुषोत्तम करंडक, गावोगावच्या एकांकिका स्पर्धा. अठराव्या वर्षी लिहून, बसवून, भरल्या थिएटरात सादर करण्याची एवढी संधी इंग्लंडमधल्या मुलांनाही सहज मिळत नसेल. पण करंडक उचलणारी ती मुलं पाच वर्षांनी कुठे असतात? बहुतेक मालिकांच्या संवादलेखनात. ते काम कमी प्रतीचं आहे असं मी म्हणत नाही, त्यावर घरं चालतात. पण त्यांतल्या कितीजणांचं दुसरं, दोन अंकी, पडू शकेल असं नाटक कुणी मागितलं होतं? 'गृहस्थ' पडल्यावर पुन्हा नाटक लिहायचं नाही असं ठरवून बसलेले तेंडुलकर 'श्रीमंत' घेऊन परतले, आणि पुढे 'रंगायन'सारखी संस्था त्यांना मिळाली. ती नसती तर, हा विचार मला करवत नाही.

मागणी मी अगदी साधी ठेवेन. नव्या लेखनासाठी सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने, तिकडे असो वा इकडे, पदार्पणाच्या नाटकाबरोबरच त्या लेखकाच्या पुढच्या नाटकाचा करार करावा. पहिल्या नाटकाची परीक्षणं छापून येण्याआधी. रक्कम थोडी असली तरी चालेल, पण ती लिहिण्याच्या काळात हाती पडावी, प्रयोगानंतर नव्हे. लेखक राजधानीत राहत नसेल तर पैसे त्याच्या गावात पोचावेत. आणि ते दुसरं नाटक छोट्या जागेत, नेपथ्याशिवाय, एका रात्रीपुरतं झालं तरी ते झालं पाहिजे.

अगदी कोवळ्या वयात कुणाचं नाटक लंडनच्या रंगमंचावर आल्याची बातमी आजही मधूनमधून येते, शेजारी हसरा फोटो असतो. मी ती आनंदाने वाचते. नाव लिहून ठेवते. आणि दोन वर्षांनी त्या नाट्यगृहाच्या नव्या हंगामाची यादी उघडून ते नाव शोधते.